दुर्बिणीत काही दिसत नाही, पण घास अडकतो: अन्ननलिकेच्या कार्यात्मक विकारांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुर्बिणीने (एन्डोस्कोपीने) अन्ननलिका तपासून 'रिपोर्ट नॉर्मल आहे, काळजी करू नका' असे सांगून घरी पाठवले, पण छातीतली जळजळ किंवा घशातला गोळा तसाच राहिला, अशांसाठी हे पान आहे. औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी वाचून कळावी एवढ्यासाठीच. वाचून स्वतःहून गोळी सुरू करू नये.

कार्यात्मक विकार म्हणजे नेमके काय?

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. वरच्या तोंडाशी एक आवळणारा स्नायू, जठराच्या तोंडाशी दुसरा. या नळीत जखम नाही, ती कुठे अरुंद नाही, तिच्या हालचालीत मोठा बिघाड नाही, जठरातले ॲसिडही प्रमाणाबाहेर वर येत नाही, आणि तरीही दुखते, जळते किंवा अडकते, तेव्हा त्या त्रासाला कार्यात्मक म्हणतात.

त्रास खोटा नसतो. नळीतल्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा जास्त हळव्या झालेल्या असतात आणि मेंदूही त्या संदेशांकडे जास्त लक्ष देऊ लागतो. उन्हाने पाठ भाजली की अंगातल्या सदऱ्याचे कापडही टोचते. सदरा तोच असतो, कातडी बदललेली असते. इथेही घास तोच, ढेकर तोच, थोडेसे वर आलेले ॲसिडही सगळ्यांना येते तेवढेच, फक्त ते जाणवते चौपट.

याचे प्रकार किती?

कार्यात्मक विकार ओळखण्याच्या, २०१६ साली आलेल्या रोम निकषांच्या चौथ्या आवृत्तीत पाच आहेत: कार्यात्मक छातीदुखी, कार्यात्मक जळजळ, रिफ्लक्स (जठरातले वर येणे) अतिसंवेदनशीलता, ग्लोबस म्हणजे घशात आवंढा अडकल्याची भावना, आणि कार्यात्मक गिळण्याचा त्रास. पाचही प्रकारांत त्रास किमान सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेला आणि मागचे तीन महिने चालू असावा लागतो. जळजळीच्या दोन प्रकारांत आठवड्यातून निदान दोनदा, बाकीच्यांत निदान एकदा. गेल्या पंधरवड्यात सुरू झालेल्या त्रासाला कोणी पहिल्याच भेटीत 'कार्यात्मक' म्हणत असेल तर ते घाईचे आहे.

छातीत दुखते ते हृदयाचे की अन्ननलिकेचे, घरी कसे ओळखावे?

घरी ओळखू नये. हृदयाच्या आणि अन्ननलिकेच्या वेदना वाहणाऱ्या नसा पाठीच्या कण्यात जवळजवळ एकाच पातळीवर पोहोचतात, म्हणून दोन्ही दुखणी एकाच जागी, एकाच प्रकारची वाटू शकतात.

दोन समजुती माणसाला धोक्यात घालतात. पहिली: जिभेखालची गोळी ठेवल्यावर दुखणे थांबले म्हणजे हृदयाचेच होते. तसे नाही, ती गोळी अन्ननलिकेचा स्नायूही सैल करते. दुसरी, जास्त वाईट: अँटासिडचे पातळ औषध घेतल्यावर बरे वाटले म्हणजे गॅसच होता. हृदयविकाराचे दुखणेही मध्येच कमी होते, आणि श्रेय औषधाला मिळते.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चढ चढताना धाप असे काही असेल तर १०८ ला फोन करावा. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नये. मधुमेही, वयस्कर आणि स्त्रियांमध्ये फक्त मळमळ किंवा थकवा एवढेच लक्षण असू शकते. ईसीजी, रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाल्याची खूण) आणि गरज पडल्यास पुढच्या तपासण्यांतून हृदय मोकळे ठरल्यावरच अन्ननलिकेकडे वळायचे.

कोणती लक्षणे असली तर 'कार्यात्मक असेल' म्हणून थांबायचे नाही?

घास अडकणे आठवड्यागणिक वाढत जाणे. आधी भाकरी, मग भात, मग पेजही अडकणे. प्रयत्न न करता वजन घटणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, रक्त कमी असल्याचा रिपोर्ट, गिळताना दुखणे, आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला, मानेत गाठ. चाळिशी-पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, आणि त्यात तंबाखू किंवा रोजची दारू असेल तर अधिकच. यातले एकही असेल तर आधी दुर्बीण.

घास अडकून थुंकीसुद्धा गिळता येत नसेल तर त्याच क्षणी इस्पितळ गाठावे. पाणी पिऊन, पाठीवर थापट्या मारून वाट पाहत बसू नये.

घास अडकतो हे डॉक्टरांना नेमके कसे सांगावे?

निदानाचा अर्धा भाग इथेच होतो, म्हणून चार गोष्टी ठरवून जा. पहिली: फक्त घट्ट पदार्थ अडकतात की पाणीही? फक्त घट्ट अडकत असतील तर नळी अरुंद असल्याचा संशय. सुरुवातीपासून दोन्ही अडकत असतील तर हालचालीचा बिघाड. दुसरी: गिळायला सुरुवात करतानाच ठसका लागतो, पाणी नाकातून येते का? तसे असेल तर दोष घशाच्या किंवा मेंदूच्या पातळीवर शोधायचा, अन्ननलिकेत नव्हे. तिसरी: रात्री आडवे झाल्यावर न पचलेले अन्न तोंडात येते, उशी ओली होते का? हे अकॅलेशियाकडे, म्हणजे जठराच्या तोंडाचा स्नायू सैल न होण्याच्या आजाराकडे, बोट दाखवते. चौथी: कोणती औषधे चालू आहेत. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके महिनोन् महिने घेतली की अन्ननलिकेची हालचाल बिघडते आणि तपासणीत वेगळाच आजार दिसतो.

बोटाने दाखवलेली जागा थोडी फसवी असते. छातीच्या मध्यभागी अडकते असे म्हणणारा बहुधा बरोबर असतो, पण गळ्याशी अडकते असे वाटणाऱ्याचा अडथळा खाली जठराच्या तोंडाशीही निघतो.

दुर्बीण नॉर्मल आली. आता आणखी कशाला तपासण्या?

दुर्बीण आतला पृष्ठभाग दाखवते. हालचाल आणि संवेदना तिला दिसत नाहीत. अकॅलेशियाच्या सुरुवातीला दुर्बीण अगदी स्वच्छ येऊ शकते, आणि वर्षानुवर्षे ॲसिडिटीची गोळी खाणारे असे रुग्ण नेहमी भेटतात.

दुर्बिणीच्या वेळीच एक गोष्ट मागून घ्यावी. घास अडकण्याची तक्रार असेल तर आतले अस्तर नॉर्मल दिसले तरी तुकडे काढायला सांगावे: वेगवेगळ्या दोन पातळ्यांवरून मिळून किमान सहा. सूक्ष्मदर्शकाच्या एका मोठ्या क्षेत्रात १५ किंवा जास्त इओसिनोफिल पेशी दिसल्या तर तो इओसिनोफिलिक इसोफेजायटिस (या पेशींमुळे अन्ननलिकेला येणारी सूज) असू शकतो, कार्यात्मक त्रास नव्हे, आणि त्याचा उपचार वेगळा. तुकडे न घेता बाहेर काढलेली दुर्बीण म्हणजे पुन्हा एकदा घालावी लागणारी दुर्बीण.

त्यानंतर बहुधा मॅनोमेट्री. नाकातून बारीक नळी जठरापर्यंत सोडतात. तिच्यावर साधारण एकेक सेंटीमीटरवर दाब मोजणारे संवेदक असतात. आडवे झोपवून ५ मिलिलिटर पाण्याचे दहा घोट, मग बसवून आणखी पाच, शेवटी एका दमात २०० मिलिलिटर पाणी. प्रत्येक घोटाच्या वेळी स्नायूची लाट वरून खाली नीट उतरते का आणि जठराच्या तोंडाचा स्नायू वेळेवर सैल होतो का, ते रंगीत आलेखावर दिसते. हा आलेख २०२१ च्या शिकागो वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीप्रमाणे वाचला जातो. भूल देत नाहीत, कारण जागे राहून गिळणे हीच तपासणी. नळी आत जाताना पहिले मिनिटभर ओकारी येते, नंतर सवय होते. चार ते सहा तास उपाशी जावे. डोम्पेरिडोन (मळमळीची गोळी), वेदनाशामके आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या आधी थांबवाव्या लागतात, पण कोणत्या ते डॉक्टरांनीच सांगावे. मधुमेहाच्या गोळीचे किंवा इन्सुलिनचे काय करायचे तेही आदल्या दिवशीच विचारून घ्यावे.

बेरियम पिऊन एक्स-रे काढण्याची तपासणी जुनी म्हणून टाकाऊ नाही. नुसत्या पातळ बेरियमने बारीक अरुंदपणा नजरेतून सुटतो. म्हणून १३ मिलिमीटरची बेरियम गोळी किंवा बेरियममध्ये बुडवलेला पावाचा तुकडा गिळायला देतात का, ते विचारा.

ॲसिड मोजण्याची २४ तासांची तपासणी कधी, आणि त्या दिवशी कसे वागावे?

गोळी नीट घेऊनही जळजळ जात नाही आणि दुर्बिणीत काही सापडत नाही, तेव्हा. नाकातून बारीक तार सोडून तिचा संवेदक जठराच्या तोंडाच्या स्नायूच्या ५ सेंटीमीटर वर ठेवतात, म्हणून आधी मॅनोमेट्री करून ती जागा मोजून घेतात. पीएच (आकडा जितका कमी तितके ॲसिड जास्त) ४ च्या खाली एकूण किती वेळ गेला ते पाहतात. २४ तासांत ४ टक्क्यांपेक्षा कमी, म्हणजे साधारण ५८ मिनिटांच्या आत, तर नॉर्मल. ६ टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे ८६ मिनिटांच्या पुढे, तर खरा ॲसिड रिफ्लक्स. मधला भाग संदिग्ध. निदान अजून ठरलेले नसेल तर ॲसिड कमी करणारी गोळी साधारण सात दिवस आधी बंद ठेवतात.

यंत्रावर एक बटण असते. जळजळ झाली की ते लगेच दाबायचे, फार तर दोन मिनिटांत. लक्षण आणि ॲसिडची घटना यांचा मेळ त्यावरच ठरतो. ॲसिड एकूण नॉर्मल, पण बटण दाबले की नेमकी त्याच वेळी रिफ्लक्सची नोंद सापडते, तर ती अतिसंवेदनशीलता. ॲसिड नॉर्मल आणि मेळही नाही, तर कार्यात्मक जळजळ. दोन्हींचे उपचार काही अंशी वेगळे असल्याने हा फरक कागदावरचा नाही.

नेहमीची चूक अशी की माणूस त्या दिवशी घरी पडून राहतो, पेज आणि लोणच्याची फोड एवढेच खातो आणि तपासणी नॉर्मल येते. शागोतीने (मसालेदार रश्शाने) त्रास होत असेल तर त्या दिवशी शागोतीच खावी. कामावर जावे. अंघोळ मात्र यंत्र निघेपर्यंत नाही.

दोन महिने गोळी चालू आहे, तरी जळजळ जात नाही. मात्रा वाढवू का?

आधी वेळ तपासा. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल जातीच्या गोळ्या जठरातले ॲसिडचे पंप चालू असताना काम करतात, आणि पंप चालू होतात ते जेवताना. म्हणून नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटे आधी, रिकाम्या पोटी. रात्री जेवणानंतर किंवा जळजळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बरीचशी वाया जाते. सकाळी फक्त चहा घेऊन दुपारी एक वाजता जेवणाऱ्यांनी हे डॉक्टरांना सांगावे.

वेळ पाळून आठ आठवडे झाले, गरजेप्रमाणे दिवसातून दोनदाही घेऊन झाली, तरी फरक नाही, तर तिसरी गोळी वाढवण्यात अर्थ नाही. त्या माणसाची जळजळ बहुधा ॲसिडची नाही. पुढे तपासणी हवी. दुकानातून मागून घेतलेली पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोनची एकत्र कॅप्सूल वर्षानुवर्षे चालू ठेवणे तर सर्वांत वाईट: डोम्पेरिडोन हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते.

गोळी बंद केली की दुप्पट जळजळ होते. म्हणजे आजार खराच ना?

नसेलही. महिनोन् महिने ॲसिड दाबून ठेवले की गोळी थांबताच जठर काही दिवस नेहमीपेक्षा जास्त ॲसिड बनवते. हा उसळा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. त्यासाठी मात्रा आधी निम्मी, मग एक दिवसाआड, असे दोन-चार आठवड्यांत उतरतात आणि मधल्या काळात लागेल तेव्हा अल्जिनेट (जठरातल्या अन्नावर थर धरणारे औषध) किंवा अँटासिड घेतात. पण बॅरेट्स इसोफेगस (ॲसिडमुळे अन्ननलिकेचे अस्तर बदलणे), दुर्बिणीत दिसलेल्या मोठ्या जखमा, किंवा ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या) चालू असणारे यांनी गोळी स्वतःहून थांबवू नये.

घशात सतत आवंढा अडकल्यासारखे वाटते, पण जेवताना काहीच नाही. हे कसे?

जेवताना नाहीसे होणारा गोळा हे ग्लोबसचे वैशिष्ट्य आहे. खरा अडथळा जेवताना वाढतो; हा दोन जेवणांच्या मध्ये त्रास देतो, दुखत नाही, आणि घास सुखरूप उतरतो. जुन्या काळी याला हिस्टेरियाशी जोडत. ती समजूत आता मागे पडली आहे, पण 'टेन्शन आहे' म्हणून मोडीत काढायची सवय अजून गेलेली नाही.

नाक-कान-घसा तज्ज्ञांकडून एकदा घसा आणि स्वरयंत्र पाहून घ्यावे, मान आणि थायरॉइड हाताने तपासावी. त्यात काही नसेल तर मुख्य शत्रू म्हणजे सारखा आवंढा गिळणे आणि घसा खाकरणे. कोरडा आवंढा गिळला की वरचा स्नायू आणखी आवळतो, मग गोळा जास्त जाणवतो, मग पुन्हा गिळावेसे वाटते. हे चक्र तोडायचे: गिळावेसे वाटले की छोटा घोट पाणी, किंवा जबडा सैल सोडून जांभई, किंवा ओठ फुरफुरवत दोन-तीन श्वास. खाकरण्याऐवजी हलकेच गुणगुणावे. भजनात गाणाऱ्यांना हे सोपे जाते. दिवसातून पाच-सहा वेळा, चार ते सहा आठवडे. वाणी-भाषा तज्ज्ञ असे व्यायाम नीट बसवून देतात.

बांगडा खाताना काटा लागला होता, तेव्हापासून गोळा वाटतो. काटा अजून असेल का?

गोव्यातला हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. ताजा काटा बहुधा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुततो आणि नाक-कान-घसा विभागात काही मिनिटांत निघतो. सुक्या भाताचा गोळा, केळे किंवा पावाचा मोठा घास गिळून काटा उतरवण्याची घरोघरची युक्ती सोडून द्यावी. काटा आणखी खोल रुततो किंवा अन्ननलिकेत जाऊन भिंतीला टोचतो. साध्या एक्स-रेत अनेक काटे दिसत नाहीत, सीटी स्कॅनमध्ये जास्त खात्रीने दिसतात.

काटा निघाल्यावरही ओरखडा एक-दोन दिवस काटा असल्यासारखाच टोचतो. ताप, मानेला सूज, छातीत किंवा पाठीत दुखणे, थुंकीत रक्त असे झाले तर त्याच दिवशी इस्पितळ. तपासून काही सापडले नाही, दुखत नाही, जेवण उतरते आणि तरी आठवडे लोटले तरी 'काहीतरी आहे' असे वाटत असेल तर तिथे ग्लोबसचे उपाय लागू पडतात.

तपासणीत काही नाही आणि डिप्रेशनची गोळी लिहून दिली. मला वेडा समजले का?

नाही. ॲमिट्रिप्टिलीन नैराश्यासाठी जितक्या मात्रेत देतात त्याच्या फार कमी मात्रेत वेदनेचे संदेश मंदावते. रात्री झोपताना १० मिलिग्रॅमपासून सुरुवात, दर एक-दोन आठवड्यांनी थोडी वाढवत बहुतेकांना २५ पर्यंत पुरते. गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, दुष्परिणाम मात्र दुसऱ्याच दिवशी दिसतात: झोपाळूपणा, कोरडे तोंड, बद्धकोष्ठ. त्यामुळे बहुतेक लोक गुण यायच्या आधीच सोडतात. मोटारसायकल पायलट (भाड्याने दुचाकीवर नेणारे), बसचालक, यंत्रावर काम करणारे यांनी सुट्टीच्या आदल्या रात्री पहिली गोळी घ्यावी आणि सकाळी डोके जड राहते का ते पाहावे. काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडकणे, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता असेल तर आधी सांगावे. वयस्करांत ईसीजी काढून मगच. सोबत दारू नको. ट्रॅमाडॉल चालू असेल तर तेही सांगावे.

छातीदुखीत इमिप्रामिन, अतिसंवेदनशीलतेत सिटालोप्रॅम २० मिलिग्रॅम हेही वापरतात. कोणतीही अचानक तोडू नये.

श्वासाच्या व्यायामाने खरोखर फरक पडतो का?

पडतो, कारण जठराच्या तोंडाशी छाती-पोटाच्या मधला पडदा आवळणाऱ्या स्नायूला आधार देतो. खुर्चीत टेकून बसा. एक हात छातीवर, एक बेंबीवर. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास, फक्त खालचा हात वर यावा. ओठ थोडे उघडून सहा मोजेपर्यंत सोडा. मिनिटाला सहा श्वास पडतात. दहा मिनिटे, जेवणानंतर, दिवसातून तीनदा. छातीवरचा हात हलत असेल तर चुकते आहे. आडवे होऊन पोटावर पुस्तक ठेवून आधी सवय करा. चक्कर आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर फार जोरात श्वास घेताय.

हाच व्यायाम एकामागून एक येणाऱ्या ढेकरांवरही चालतो. त्यातले पुष्कळ ढेकर पोटातून येतच नाहीत; हवा अन्ननलिकेत ओढली जाते आणि लगेच बाहेर पडते. बोलताना आणि झोपेत असे ढेकर थांबतात, ही त्यांची खूण.

मासे, सोलकढी, हुर्राक, सगळे बंद करू का?

सगळे बंद करणारा माणूस महिनाभरात वजन घटवून बसतो, आणि मग वजन घटले म्हणून पुन्हा दुर्बीण! एका वेळी एकच पदार्थ दोन आठवडे वगळा, वहीत नोंद ठेवा, मग पुन्हा खाऊन पाहा.

मिरचीतले कॅप्सेसिन अन्ननलिकेतल्या उष्णता जाणवणाऱ्या ग्राहकांना थेट चेतवते, त्यासाठी ॲसिड वर यायची गरजच नसते. म्हणून गोळी खाऊनही झणझणीत हुमण (माशांची कढी) जळते. सोलकढी पित्तावर चांगली म्हणतात, पण कोकम मुळात आंबट. हळव्या नळीला ती उतरताना जळू शकते. नारळाचा रस जास्त आणि कोकम कमी, अशी करून पाहा. हुर्राक (काजूच्या बोंडांची दारू) फेणीपेक्षा सौम्य, हे खरे, पण तो लिंबू-सोड्यात घेतला की मद्य, आंबट आणि वायू तिन्ही एकत्र उतरतात. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, हा नियम खरा रिफ्लक्स असणाऱ्यांना जास्त उपयोगी. कार्यात्मक जळजळीत तो पाळूनही फरक पडला नाही तर स्वतःला दोष देऊ नये.

घास अडकणाऱ्यांनी ताठ बसून, लहान घास, नीट चावून, मध्ये घोटभर पाणी. सुकी पोई किंवा उंडो (गोव्याचे पाव) कढीत बुडवून.

गोळी घेतल्यावर अचानक गिळताना भयंकर दुखू लागले. हाही कार्यात्मकच का?

नाही, बहुधा गोळी भिंतीला चिकटून जखम झाली. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस तापासाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन, लोहाच्या गोळ्या, हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेट या नेहमीच्या आरोपी. पूर्ण पेलाभर पाणी आणि नंतर अर्धा तास ताठ. रात्री झोपताना एका घोटात गिळून आडवे होणे हे कारण.

ऑपरेशन करून एकदाचे संपवता येईल का?

कार्यात्मक जळजळीत रिफ्लक्सचे ऑपरेशन करू नये. जे वर येतच नाही ते अडवून उपयोग नसतो, वर पोट फुगणे आणि घास अडकणे मागे लागते. मॅनोमेट्री आणि २४ तासांची तपासणी न करता कोणी तारीख देत असेल तर दुसरे मत घ्यावे.

पुढे यातून कॅन्सर होतो का?

कार्यात्मक विकारातून होत नाही.

तपासणीसाठी कुठे जावे, आणि सोबत काय न्यावे?

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात किंवा खाजगीत जाण्याआधी फोनवर 'हाय रिझोल्यूशन मॅनोमेट्री' आणि 'पीएच-इम्पीडन्स' (वरची २४ तासांची तपासणी) ही नेमकी नावे घेऊन विचारा. दुर्बीण असते तिथे ही यंत्रे असतातच असे नाही. गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर ही तपासणी त्यात बसते का, हे तारीख घेण्याआधीच विचारावे. दुर्बिणीच्या रिपोर्टसोबत तुकड्यांचा पॅथॉलॉजी रिपोर्ट, सगळ्या औषधांची पाकिटे, आणि दोन आठवड्यांची वही: त्रासाची वेळ, आधी काय खाल्ले, बसलेले की आडवे, किती मिनिटे टिकला, गोळी किती वाजता घेतली होती.